स्कीच्या तळावरचे ओरखडे: घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही फेब्रुवारीअखेर गुलमर्गहून नागपूरला परत आलात. स्की स्वतःच्या आहेत, कुणाच्या तरी वापरलेल्या घेतलेल्या, तळ काळा. एका स्कीवर टोकापासून शेपटीकडे जाणारा लांब बारीक ओरखडा आहे आणि पायाखालच्या भागात रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा. दुसऱ्या स्कीच्या पोलादी कडेला लागून एक खोक पडलीय आणि तिच्या आत काहीतरी पांढुरकं दिसतंय. नागपुरात स्की दुरुस्त करणारं दुकान सापडलं नाही, दिल्लीला पाठवायचा खर्च परवडत नाही. घरी जमेल का आणि एम-सील भरली तर चालेल का, असं विचारलंय.

ओरखड्याला काही करू नका. खड्डा घरी उत्तम भरता येतो. कडेची खोक घरी फक्त बंद करायची, तिची खरी दुरुस्ती पुढच्या हंगामात गुलमर्गला करून घ्यायची. एम-सील तिन्ही ठिकाणी नको.

माझा धंदा प्लास्टिकचा, हिंगणा एमआयडीसीत. स्कीचं वेड नंतर लागलं. दोन्हीचा मेळ असा बसला की दर मार्चमध्ये ओळखीपाळखीच्या लोकांच्या स्की माझ्या शेडमध्ये येऊन पडतात. अलीकडे तर जास्तच येतात, कारण बर्फ पातळ असला की दगड वर येतात. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडाच गेला होता आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. अशा वर्षी तिथल्या अफरवट डोंगराच्या उतारावर तुम्ही कितीही जपून उतरा, तळाला काहीतरी लागतंच. मनाला लावून घेऊ नका.

आधी हा तळ कशाचा असतो ते सांगतो, म्हणजे एम-सीलचा प्रश्न सुटेल. तो पॉलिएथिलीनचा असतो. घरातली बादली, दुधाची पिशवी, गच्चीवरची पाण्याची टाकी सगळं त्याच कुळातलं. फरक रेणूच्या लांबीत आहे. बऱ्यापैकी स्कीच्या तळाला जे प्लास्टिक लावतात त्याला आम्ही यूएचएमडब्ल्यू म्हणतो, म्हणजे फार मोठ्या रेणुभाराचं पॉलिएथिलीन. कोळशाच्या बंकरला आतून जे लायनर मारतात तेही याचेच, कारण त्यावरून काहीही घसरतं आणि ते झिजत नाही. याचा रेणुभार तीस लाखांच्या पुढे असतो, बादलीच्या प्लास्टिकचा लाख-दोन लाखांच्या घरात. साखळ्या इतक्या लांब आणि एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की १३५ अंशांच्या आसपास हे प्लास्टिक वितळलं तरी वाहत नाही. जागच्या जागी मऊ होऊन बसून राहतं. म्हणून ते साच्यात ओतताही येत नाही. भुकटी दाबून आणि तापवून त्याचा ठोकळा करतात आणि ठोकळ्यावरून पातळ पट्टी सोलतात. हा झाला सिंटर्ड तळ. शिकाऊ आणि भाड्याच्या स्कीला बहुतेकदा एक्स्ट्रुडेड तळ असतो. तो कमी रेणुभाराचा, वितळवून डायमधून काढलेला. तो घसरण्यासाठी तळाला लावतात ते मेण कमी पितो आणि थोडा हळू पळतो, पण दुरुस्तीला सोपा जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पॉलिएथिलीनला काही चिकटत नाही. एम-सील, अ‍ॅराल्डाइट, फेविक्विक, काहीही भरा. वाळल्यावर दगडासारखं बसलेलं वाटेल आणि पहिल्याच दिवशी स्की वाकली की खपली निघून येईल. फुटलेली टाकी दुरुस्त करणारा कारागीर डिंक घेऊन येत नाही, गरम हवेची गन आणि प्लास्टिकची सळई घेऊन येतो, ते याचसाठी. पॉलिएथिलीनला पॉलिएथिलीनच वितळवून जोडावं लागतं. दुसरी गोष्ट, दुरुस्तीसाठी जी पी-टेक्सची कांडी मिळते ती मूळ तळाच्या जातीची नसते, असूच शकत नाही, कारण मूळ जात वाहतच नाही. कांडीतलं पॉलिएथिलीन हलक्या रेणुभाराचं असतं, पेटावं आणि ओघळावं म्हणून. त्यामुळे भरलेला भाग आजूबाजूच्या तळापेक्षा मऊ राहतो आणि लवकर झिजतो. जितकं कमी भराल तितकं चांगलं.

आता तुमचा तो लांब ओरखडा. स्की उलटी करून दोन स्टुलांवर आडवी ठेवा, बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचा भाग, मधल्या मोकळ्या जागेत खाली राहील असं. ब्रेकचे पाय रबरबँडने मागे ओढून बांधा, नाहीतर सारखे हाताला लागतात. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर विषय संपला. नख अडकतंय पण आत तळाचाच काळा रंग दिसतोय, तरीही तो स्कीच्या लांबीच्या दिशेने गेला असेल तर भरायची गरज नाही. तळावर मुद्दाम बारीक उभ्या रेषा कोरलेल्याच असतात, खालचा पाण्याचा पातळ थर निसटावा म्हणून. त्यात आणखी एका रेषेने काही बिघडत नाही. वेग मारते ती ओरखड्याची वर आलेली कड. दगडाने प्लास्टिक कापलं जातं तेव्हा ते दोन्ही बाजूंना उचललं जातं आणि हा बारीक बांध बर्फावर घासत राहतो. तो बोटाला लागतो, डोळ्यांना दिसत नाही. पेपर कटरचं नवं पातं तळाला जवळजवळ समांतर धरून तो बांध अलगद सोलून टाका. पातं तळात घुसवायचं नाही. मग स्टीलचा सपाट स्क्रेपर टोकाकडून शेपटीकडे दोन-चार वेळा ओढा. बस्स. लोक भरण्याच्या घाईत हेच करायचं विसरतात आणि मग दुरुस्ती करूनही स्की जड का जाते म्हणून विचारत राहतात. आडवे ओरखडे मात्र जरा मनावर घ्यायचे, कारण त्यांचा बांध चालीच्या आड येतो.

सामान. पी-टेक्सच्या काळ्या कांड्या ऑनलाइन मागवा. तुमचा तळ काळा आहे तर काळ्याच घ्या. पारदर्शक भरली तर काम तेवढंच होतं, पण डाग दिसत राहतो. बाकी सगळं नागपुरात मिळतं. स्क्रेपरसाठी खास स्कीचा पत्राच हवा असं नाही. इतवारीत लोहाओळीत सुतारकामाचा चांगल्या स्टीलचा आयताकृती स्क्रेपर मिळतो, फक्त कडा सरळ आहेत का हे स्टीलची फूटपट्टी लावून दुकानातच बघून घ्या. पितळी ब्रश, १५० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, तो गुंडाळायला सपाट लाकडी ठोकळा, एक सी-क्लॅम्प, आणि औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॉकेलने पुसू नका, तेलकट थर मागे राहतो. पेट्रोलचं तर नावही नको, पुढे आपल्याला ज्योत पेटवायची आहे.

कुणी विचारेल, दुधाच्या पिशव्याही पॉलिएथिलीनच्याच, त्या वितळवून का भरू नयेत? आमच्याकडे एकाने मला हेच ऐकवलं होतं, ‘एवढं काऊन मागवून राहिला बाहेरून, घरी पिशव्या पडल्या ना!’ भरता येतं, टिकत नाही. पिशवीचं प्लास्टिक फार मऊ, त्यावर छपाईची शाई, आणि स्निग्धपणा धुऊनही जात नाही. पहिल्या टणक बर्फावर ते साफ होईल.

खड्ड्याचं काम सकाळी करा. मार्चमध्येही नागपुरात दुपारी शेडमध्ये किंवा गच्चीवर तळ इतका तापतो की भरलेलं प्लास्टिक नीट आवळून बसायला फार वेळ लागतो. जागा उघडी हवी, धूर चांगला नसतो, पण वारा नको. पंखा, कूलर बंद. अंगात सुती कपडे, पायात बंद बूट. जळतं पॉलिएथिलीन कातडीवर पडलं तर पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून जळत राहतं. पाण्याची बादली हाताशी ठेवा. लहान मुलं आणि कुत्रं-मांजर जवळ नको.

आधी खड्डा तयार करायचा. वर उचललेल्या कडा कटरने सोला. आत लोंबणारे धागे, चिपा कापून टाका. खड्ड्याच्या भिंती जरा आतल्या अंगाला तिरप्या झाल्या, म्हणजे तोंड लहान आणि तळाशी किंचित रुंद, तर भरलेलं जास्त धरतं. पण त्यासाठी चांगला तळ उगाच कोरत बसू नका. मग पितळी ब्रशने घासा. खड्ड्यात जुनं मेण असतंच आणि मेणावर पॉलिएथिलीन बसत नाही. फडक्यावर अल्कोहोल घेऊन पुसा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा आणि मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय काडी ओढायची नाही. ओलं फडकंही तिथून लांब टाका.

भरण्याआधी खड्ड्याच्या आसपासचा तळ हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, हात ठेवता येईल इतपतच. थंड तळावर गरम थेंब पडला की वरच्या वर गोठतो आणि खाली सांधा बसत नाही.

आता कांडी. ती पेटायला वेळ घेते, लायटर नेटाने धरावा लागतो. पेटल्यावर लगेच स्कीवर न्यायची नाही. सुरुवातीची ज्योत पिवळी, लांब आणि काजळी सोडणारी असते. ही काजळी थेंबात मिसळली की त्या जागी प्लास्टिक कमकुवत होतं, सांधाही धरत नाही. काळ्या तळावर काजळी दिसत नाही म्हणून लोक निश्चिंत असतात, ती मात्र आपलं काम करते. स्टीलचा स्क्रेपर डाव्या हातात आडवा धरा, कांडीचं टोक त्या पत्र्याच्या अगदी जवळ आणा, जवळजवळ टेकवून, आणि कांडी बोटांत हळू फिरवत राहा. पत्रा उष्णता ओढून घेतो, ज्योत खाली बसते, छोटी आणि निळसर होते. पहिले थेंब पत्र्यावरच पडू द्या. हवेतून पडणारा पेटता थेंब ‘फुर्र फुर्र’ असा आवाज करत जातो. तो आवाज येतोय म्हणजे कांडी फार वर धरलीय. टोक स्कीपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणलं की आवाज थांबतो आणि थेंब तुटक पडण्याऐवजी सलग धार लागते. ती धार खड्ड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे न्या. ज्योत मोठी होतेय किंवा काळे ठिपके दिसतायत असं वाटलं की पुन्हा पत्र्यावर जा, टोक स्वच्छ करा आणि परत या.

खोल खड्डा एका दमात भरू नका. पहिला पातळ थर, तो चकाकी जाऊन घट्ट होईपर्यंत थांबा, मग दुसरा. शेवटचा थर तळाच्या वर थोडा फुगीर ठेवा, कारण पॉलिएथिलीन थंड होताना चांगलंच आकसतं. काठोकाठ भरलेला खड्डा अर्ध्या तासाने बघाल तर मध्ये वाटी झालेली असते. कांडी विझवताना फुंकर मारू नका, पेटते थेंब उडतात. पत्र्यावर दाबून विझवा.

मला स्वतःला कांडी पेटवण्यापेक्षा सोल्डरिंग आयर्न आवडतं. सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तापमान कमी-जास्त करता येणारं मिळतं, चपटं टोक लावून घ्या. २२० ते २५० अंशांवर ठेवा आणि पी-टेक्सची न पेटवलेली कांडी, किंवा त्याचीच पातळ पट्टी मिळते ती, टोकाखाली दाबत खड्ड्यात बसवा. ज्योत नाही, काजळी नाही, आणि खड्ड्याची भिंतही थोडी वितळते, त्यामुळे सांधा खरोखर वेल्डिंगसारखा होतो. यात हात बसावा लागतो, तो आधी फुटक्या बादलीवर बसवा. साधं, तापमानाचं नियंत्रण नसलेलं आयर्न मात्र फार तापतं, प्लास्टिक पिवळं पडून करपतं. ते असेल तर कांडीच बरी.

थंड व्हायला किमान अर्धा तास, नागपूरच्या उन्हाळ्यात तासभर. फ्रिजमध्ये ठेवणं, ओलं फडकं टाकणं असले उद्योग नकोत; वरचा थर आधी आखडतो आणि कडेला बारीक फट पडते. पाठीमागून हात लावून बघा, स्की कोमट लागत असेल तर अजून थांबा.

मग उंचवटा उतरवायचा. स्टीलचा स्क्रेपर दोन्ही हातांनी धरा, अंगठ्याने मध्ये दाब देऊन किंचित कमान आणा, आणि फक्त उंचवट्यावरून पातळ-पातळ साली काढा. एकदम खोल घेतलं तर पत्रा अडकतो आणि अख्खा भराव उचकटून येतो. मोठा उंचवटा असेल तर सुताराच्या छोट्या रंध्याने आधी उतरवून घ्या, पातं अगदी बारीक ठेवून. तळाच्या पातळीवर आलं की पत्रा सरळ धरा, कमान नको. शेवटी लाकडी ठोकळ्याला १५० चा कागद गुंडाळून, मग २२० चा, नेहमी टोकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेने. गोल-गोल घासू नका. स्टीलची फूटपट्टी तळावर आडवी, धारेवर उभी धरून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. खालून प्रकाशाची रेघ सारखी दिसली तर तळ सपाट आहे. मध्ये काळी पडली तर भराव अजून उंच आहे, मध्ये उजेड जास्त दिसला तर खोल गेलाय, पुन्हा एक थर द्या. टॉर्चची ही परीक्षा सगळ्या स्कीवर करून बघा. वापरलेल्या स्की घेतलेल्या असतील तर तळ मुळातच खोलगट किंवा फुगीर निघण्याची शक्यता असते आणि ते घरी कानशीने सपाट करायला जाऊ नका, ते मशीनवरच्या दगडाचं काम आहे.

आता ती कडेची खोक. हिच्यावरच मी जास्त बोलणार आहे, कारण तुम्ही जे ‘पांढुरकं’ म्हणताय ते मला आवडलेलं नाही. स्कीचा तळ जाडीला दीड मिलिमीटरच्या आसपासच असतो. त्याच्या वर फायबरग्लासचा थर आणि त्याच्यावर गाभा, बहुतेकदा लाकडाचा. पांढुरके धागे दिसतायत म्हणजे तुम्ही फायबरग्लासपर्यंत पोचलात. आत पिवळसर-तपकिरी दिसलं असतं तर लाकूड. दोन्ही बाबतीत पाणी आत जाण्याचा रस्ता उघडा आहे, आणि शिवाय शेजारी कड आहे.

आधी कडेची तपासणी. खोकेजवळ पोलादी कड नखाने वर उचलून बघा. हलते का? तिच्या आणि तळाच्या मध्ये केसाएवढी फट दिसते का? बाजूने बघितल्यावर कड बाहेर वाकलीय का? यातलं काहीही असेल तर इथेच थांबा आणि स्की तशीच ठेवा. वाकलेली कड हातोडीने सरळ करायचा मोह फार जणांना होतो. त्याने कड तिच्या जागेवरून आणखी सुटते आणि मग दुकानदारही हात लावत नाही.

कड शाबूत असेल तर पुढचं काम वाळवण्याचं. गाभ्यात शिरलेलं पाणी बाहेर येऊ द्यायला हवं, आणि इथे नागपूरचा मार्च-एप्रिल आपल्या बाजूने आहे. इतकी कोरडी हवा मनालीच्या दुकानात मिळणार नाही. स्की सावलीत, घरात, खोक वरच्या बाजूला ठेवून आठ-दहा दिवस पडू द्या. उन्हात ठेवू नका. पाणी आत असताना तोंड बंद केलं तर लाकूड आतल्या आत कुजतं आणि पुढच्या हंगामात तळ फुगून सुटतो.

वाळल्यावर इथे एपॉक्सी, म्हणजे अ‍ॅराल्डाइटच्या जातीचा डिंक. आत्ताच मी अ‍ॅराल्डाइट नको म्हटलं होतं, आणि तळासाठी ते खरंच आहे. पण फायबरग्लासला, लाकडाला आणि पोलादाला एपॉक्सी उत्तम चिकटते. इथे तिचं काम खड्डा भरून स्की पळवणं हे नाही, गाभ्याचं तोंड बंद करणं एवढंच आहे. हळू वाळणारी घ्या. पाच मिनिटांत वाळणारी थंडीत ठिसूळ होते आणि पाण्यातही तेवढी टिकत नाही. आतला भाग १५० च्या कागदाच्या घडीने खरखरीत करा, अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. दोन्ही भाग सारखे घेऊन नीट मिसळा, काडीने खोकेच्या तळाशी दाबून बसवा, हवेचे बुडबुडे राहू देऊ नका, आणि तळाच्या पातळीपेक्षा किंचित खालीच थांबा. वरून जाड पॉलिथीनचा तुकडा टाका, त्यावर लाकडी पट्टी, आणि सी-क्लॅम्पने हलका दाब द्या. पॉलिथीनला एपॉक्सी चिकटत नाही, हा दुर्गुण इथे कामी येतो. एक रात्र तसंच ठेवा.

त्यावर पी-टेक्सची कांडी ओतायची का? कडेच्या शेजारी माझ्या मते नाही. साधं पी-टेक्स पोलादाला धरत नाही, एपॉक्सीलाही धरत नाही, आणि एका बाजूने फक्त तळाचा आधार उरतो. पहिल्या जोरदार वळणाला कडेशी सगळ्यात जास्त ताण येतो आणि भराव तिथूनच सुटतो. धातूला धरणारं वेगळं पॉलिमर मिळतं, ते आधी पातळ लावून वर पी-टेक्स देतात, पण त्यासाठी हवं तेवढं तापमान सारखं देणारी गन लागते. खरी पद्धत अशी: खराब झालेल्या तळाचा तुकडा पतंगाच्या आकारात कापून काढायचा, नव्या तळाचा तसाच तुकडा कापून एपॉक्सीने बसवायचा आणि क्लॅम्प करायचा. या तुकड्याची आतली बाजू कारखान्यातच ज्योतीने किंवा विजेने प्रक्रिया केलेली असते, म्हणून तिला एपॉक्सी धरते. गुलमर्गला स्की भाड्याने देणाऱ्या दुकानांत हे काम जाणणारे हात आहेत. जानेवारीत पोचल्यावर पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे घाई होणार नाही. देताना सांगा की आत एपॉक्सी आहे आणि वाळवून भरलीय. कारागीर तेच आधी विचारेल.

कडेवर दगड लागून चमकदार ठिपका किंवा खडबडीत दात आला असेल तर त्यावर लगेच कानस चालवू नका. दगडाच्या माराने पोलाद त्या ठिकाणी कडक होतं आणि कानस त्यावरून घसरते, उलट कानशीचेच दात जातात. आधी पाणी लावून डायमंड स्टोनने तो कडक भाग उतरवा, मग गरज पडली तरच कानस, तीही बाजूच्या अंगाने. खालच्या अंगाचा कोन, म्हणजे बेस बेव्हल, अर्धा ते एक अंश असतो; तो हाताने घासून वाढला की पुन्हा कमी करायला अख्खा तळ घासून काढावा लागतो. त्याला हात लावू नका.

सगळं झाल्यावर मेण. घासलेल्या जागेवर तळ कोरडा दिसतो, पांढरट. युनिव्हर्सल हायड्रोकार्बन वॅक्स पुरे. फ्लोरोवालं, म्हणजे फ्लोरिनची संयुगं घातलेलं, कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर बंदी घातलीय, आणि बंद खोलीत त्याचा धूर छातीत घेण्यासारखा तर मुळीच नाही. इस्त्री १२० अंशांच्या आसपास. घरातली जुनी, वाफेची छिद्रं नसलेली इस्त्री चालते, पण ती तापमान वर-खाली करत राहते, म्हणून आकडा कमीच ठेवा. वॅक्समधून धूर निघाला की इस्त्री जास्त गरम आहे, इतकं साधं आहे ते. इस्त्री एका जागी थांबू द्यायची नाही, भरलेल्या जागेवर तर अजिबात नाही. तिथलं प्लास्टिक मूळ तळापेक्षा लवकर मऊ होतं आणि इस्त्रीबरोबर ओढलं जातं. वॅक्सला लावलेली इस्त्री पुन्हा कपड्यांवर फिरवू नका.

आणि आत्ता हे वॅक्स खरवडू नका. तुम्हाला पुढचा बर्फ जानेवारीशिवाय दिसत नाही. थर जाड द्या, दोन्ही पोलादी कडांवरही येऊ द्या, आणि तसाच राहू द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात स्कीला पाण्याची भीती नाही. कडा गंजतात त्या जुलै-ऑगस्टमध्ये, हवा दमट असते तेव्हा, आणि हा थर तेव्हा उपयोगी पडतो. कडांवर आधीच तांबूस डाग असतील तर वॅक्सच्या आधी खोडरबरासारखा मिळणारा गंज काढायचा ठोकळा फिरवा आणि कोरडं पुसा.

ठेवायची जागा हा नागपूरपुरता वेगळा विषय आहे, बाप्पा. इथे पारा मे २०१३ मध्ये ४७.९ वर गेलेला आहे, आणि हे सावलीतलं तापमान. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत आकडा त्याच्या कितीतरी पुढे जातो. तळ १३५ अंशांशिवाय वितळत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण वॅक्स पन्नास-साठ अंशांतच पाणी होऊन ओघळतं, आणि स्कीचे थर ज्या एपॉक्सीने चिकटवलेले असतात तिलाही रोज दुपारी असं भाजलेलं मानवत नाही. भरलेला खड्डा तर आधी आकसून बसलेला असतो, तो या गरम-थंडीत कडेने सुटू लागतो. घरातली सगळ्यात थंड भिंत शोधा, बहुतेक घरांत ती खालच्या मजल्यावर उत्तरेकडे असते. स्की तिथे जुन्या सुती चादरीत गुंडाळून आडव्या ठेवा. दोन स्की पट्ट्याने करकचून एकत्र बांधू नका, महिनोन्महिने दाबून राहिल्या की स्कीची मूळची कमान जाते. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, पावसाळ्यात आत दमटपणा साचतो. कूलरच्या समोरची जागा नको, तिथे सतत ओली हवा येते.

डिसेंबरात निघायच्या आधी प्लास्टिकच्या स्क्रेपरने वॅक्स खरवडा, नायलॉनचा ब्रश मारा आणि भरलेल्या खड्ड्यावर पुन्हा एकदा फूटपट्टी व टॉर्च लावून बघा. कडेने नख शिरत असेल तर तेवढाच भाग कटरने काढून नव्याने भरा, सगळा उकरू नका. एपॉक्सीवाल्या स्कीवर पहिले दिवस गुलमर्गच्या खालच्या, तुडवलेल्या उतारांवरच काढा, आणि कारागिराकडे ती आधी द्या, गोंडोलाचं (केबल कारचं) तिकीट नंतर.